सोहारचं नारिंग आणि कोसबाडचं कुरण

आजचा भाग मुलांच्या बागकामाबद्दल आहे. ऑक्टोबर उजाडला की सोहारमध्ये संध्याकाळी खिडक्या उघडाव्याशा वाटू लागतात. मग कुणीतरी हमखास विचारतं, मुलांना कुंडीत काय लावायला द्यायचं? त्याचं उत्तर शेवटी येईलच, पण आधी थोडा इतिहास ऐका. या गावाचा आणि आपल्या मुलखाचा झाडांच्या बाबतीतला संबंध हजार वर्षांहून जुना आहे. मुलांना मातीत हात घालू देऊन शिकवायचं, हा विचारही आपल्याकडे बराच जुना आहे. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तर कुंडीतल्या मेथीला जरा वेगळा अर्थ येतो.

सुरुवात नारिंगापासून करू. दहाव्या शतकात अल-मसूदी नावाचा एक बगदादी प्रवासी आणि इतिहासकार होऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय की नारिंगाचं झाड हिजरी सन 300 नंतर, म्हणजे इसवी सन 912 नंतर, हिंदुस्थानातून आणलं गेलं आणि पहिल्यांदा ओमानात लावलं गेलं. तिथून ते बसऱ्याला, इराकात आणि पुढे शामपर्यंत, म्हणजे आजच्या सीरियापर्यंत गेलं. आपल्या ‘नारंग’चं अरबीत ‘नारंज’ झालं आणि शब्दही झाडाबरोबर पुढे गेला. त्याच्या पुढची तक्रार मात्र मला फार आवडते. मसूदी म्हणतो, हिंदुस्थानात या फळाला जो सुवास आणि जो रंग असतो, तो इकडे राहिला नाही, कारण तिथली माती, तिथली हवा आणि तिथलं पाणी इथे नाही. इकडे आल्यावर हापूसबद्दल आपण सगळे जे म्हणतो, ते या गृहस्थाने हजार वर्षांपूर्वी नारिंगाबद्दल म्हणून ठेवलंय.

त्या काळात ओमानची राजधानी आणि मोठं बंदर म्हणजे सोहार. मसूदी स्वतः इथूनच सिराफच्या नाखव्यांबरोबर आफ्रिकेच्या सफरीला निघाला होता. हाच माणूस हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916 च्या सुमारास, आपल्या कोकणात सैमूरला उतरला. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातलं चौल, अलिबागच्या दक्षिणेला, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं. तेव्हा तिथे शिलाहार राजा झंझाचा अंमल होता. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याची नोंद मसूदीने केली आहे. त्यातले बरेच सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले होते, आणि काहींचा जन्म चौललाच झालेला होता. परमुलखात जन्मलेल्या या मुलांसाठी ‘बयासिरा’ असा शब्द त्याने दिला आहे. म्हणजे आज सोहारमध्ये जन्मलेलं आपलं मूल ज्या जागी उभं आहे, त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, चौलच्या वाड्यांमध्ये, ओमानी घरांतली मुलं उभी होती. सुपारीच्या बागेत खेळताना त्यांना त्यांच्या आईने खजुराच्या झाडाबद्दल काय सांगितलं असेल?

इथल्या मातीकडे येऊ. सोहारच्या बाहेर, आज जिथे रेताड मोकळी जमीन दिसते, तिथे पुष्कळ ठिकाणी हजार वर्षांपूर्वी शेती होती. कोस्टा आणि विल्किन्सन या दोन पुरातत्त्वज्ञांनी या परिसराचा बारकाईने अभ्यास केला आणि 1987 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांना त्या जुन्या शेतांवर खापरांचे लहान लहान तुकडे विरळ पसरलेले सापडले. घरं नाहीत, वस्तीच्या खुणा नाहीत, मग शेतात खापरं कुठून आली? त्यांनी लावलेला अर्थ साधा आहे. शहरातल्या घरांतला केरकचरा, चुलीतली राख, शेणामुताचा उकिरडा शेतात खत म्हणून नेऊन टाकला जात होता. त्यात फुटक्या मडक्यांचे तुकडेही जायचे. बाकी सगळं कुजून माती झालं, तुकडे राहिले. म्हणजे ज्याला आपण आज मुलांना ‘कंपोस्ट’ म्हणून शिकवतो, त्याचाच हा पुरावा जमिनीवर पडून आहे. सोहार श्रीमंत होतं ते व्यापारावर, हे खरंच. दहाव्या शतकातच मुकद्दसीने इथल्या विटांच्या आणि सागवानी लाकडाच्या उंच घरांचं वर्णन केलंय, आणि साग अर्थातच आपल्याकडचा. पण त्या श्रीमंत शहराचा उकिरडाही वाया जात नव्हता.

पाणी कसं होतं? ओमान म्हटलं की फलज आठवतो. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून किंवा उघड्या पाटाने उतारावर गावापर्यंत आणायचं आणि वेळेच्या हिशेबाने वाटायचं. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजली जायची. देशात असे तीन हजारांहून जास्त फलज आजही वाहतात आणि त्यातले पाच 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण बातिना किनाऱ्यावर, म्हणजे आपल्या या पट्ट्यात, बागा मुख्यतः विहिरींवर जगल्या. आणि विहिरीतून पाणी काढायचं साधन होतं ‘झजरा’. बैल उतारावरून खाली चालत जातो, दोर ओढला जातो, लाकडी चाक कुरकुरतं आणि कातड्याची पिशवी भरून वर येते. ओळखीचं वाटतंय ना? ही आपली मोट. तीच धाव, तोच नाडा, वर थारोळ्यात ओतलं जाणारं तसंच पाणी. घरात आजी-आजोबा सुट्टीला आले असतील आणि त्यांनी मोट पाहिली असेल, तर हे वर्णन त्यांच्या तोंडून मुलांना ऐकवा. मी सांगण्यापेक्षा ते कितीतरी जास्त रंगेल.

मोट गेली आणि पंप आला. ओमानात हे 1970 नंतर झपाट्याने झालं. बैलाने निघायचं तेवढं पाणी जमिनीला परवडत होतं. पंपाने काढलेलं परवडेना. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याची पातळी खाली गेली की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. बातिनात हे झालं, अजून होतंय. लिंबू आणि केळी आधी गेली, कारण त्यांना मीठ सोसत नाही. खजूर बराच काळ तग धरतो, पण शेवटी त्याच्याही झावळ्या सुकतात. सोहारहून मस्कतच्या वाटेवर समुद्राच्या बाजूला शेंडा नसलेली, नुसती खोडं उभी असलेली बाग दिसली तर मुलांना दाखवा आणि कारण सांगा. त्याचबरोबर वादी अल-जिझ्झीचं धरणही दाखवून आणा. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं, हा त्याचा उद्देश. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपल्या गावच्या भिंतींवर वाचलेलं इथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

लिंबावर आणखी एक संकट आलं. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात याच भागात कागदी लिंबाच्या झाडांना एक विचित्र रोग दिसू लागला. फांद्यांच्या टोकांना बारीक, फिकट पानांचे झाडूसारखे झुबके यायचे, त्या फांद्यांना फळ धरायचं नाही आणि चार-पाच वर्षांत झाड मरायचं. ‘विचेस ब्रूम’ या नावाने शास्त्रज्ञ तो ओळखतात. कलमांतून आणि रस शोषणाऱ्या तुडतुड्यांमार्फत तो पसरतो. बातिनातल्या लिंबाच्या बागा त्याने उजाड केल्या. पुढे तो अमिरातीत, इराणात आणि 1999 मध्ये भारतातही नोंदवला गेला. म्हणून एक विनंती. गावाहून परतताना कढीपत्त्याचं किंवा लिंबाचं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत घालायचा मोह होतो. तो आवरा. रोपं आणायला परवाना आणि आरोग्य-प्रमाणपत्र लागतं, आणि तो नियम नुसता कागदी नाही, हे या लिंबांनी दाखवून दिलंय.

आता दुसरी गोष्ट, आपल्याकडची. शाळेला जोडून शेत असावं हे मराठी माणसाने सरकारला कधी सांगितलं? 1882 साली. हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी-बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं, अशी मागणी आहे. आणि खेड्यातल्या शाळेजवळ एक लहानसं नमुना-शेत असावं, जिथे मुलांना प्रत्यक्ष काम करून शिकता येईल, असंही त्यांनी सुचवलं. हे लिहिणारा माणूस माळ्याच्या घरचा होता. घराण्याचं आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलेलं. पण त्यांचा मुद्दा हौसेच्या बागेचा नव्हता. शेतकऱ्याच्या घामावर सारा गोळा होतो आणि त्यातून वरच्या वर्गाचं उच्च शिक्षण चालतं, हा त्यांचा राग होता. मुलांच्या बागेमागे इतका तिखट हिशेब असू शकतो, हे जर्मनीत 1840 मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव देणाऱ्या फ्रोबेलच्या गोष्टीत सापडत नाही. तिथे प्रत्येक मुलाला वाफा होता, हे मात्र खरं.

पुढे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि गांधीजींची ‘नई तालीम’ सेवाग्रामला सुरू झाली. सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई यांतूनच गणित आणि भाषा शिकवायची, अशी ती कल्पना. त्यावर बोलायला वेगळा भाग लागेल. मला आज थांबायचंय ते ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरमध्ये, बोर्डीला.

ताराबाई मोडक 1892 च्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटला मुलींच्या महाविद्यालयात प्राचार्य, आणि मग ते सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात. तिथे त्यांनी माँटेसरीची पद्धत आत्मसात केली. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार निघालं. इथपर्यंतचं काम शहरातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या मुलांचं होतं. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. त्यांच्याबरोबर आल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, आणि मग जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत पहिली अडचण आली ती साहित्याची. माँटेसरीचं साहित्य म्हणजे मोजूनमापून बनवलेले लाकडी ठोकळे, दट्टे, मनोरे. सुंदर, पण महाग. खेड्यात ते आणणार कोण? ताराबाईंनी ते बाजूला ठेवलं आणि आसपास काय आहे ते पाहिलं. पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले, खडे, काटक्या. लहान-मोठं लावायला चिंचोके चालतात, गुळगुळीत-खरखरीत समजायला वडाचं आणि पारिजातकाचं पान पुरतं. यात काटकसर होतीच, पण आणखीही काही होतं. मूल ज्या वस्तू रोज पायाखाली तुडवतं त्याच वर्गात आल्या, की त्याला आपल्या घराची लाज वाटत नाही.

दुसरी अडचण अशी की मुलं येतच नव्हती. दलित वस्तीतल्या मुलांना गावातल्या बालवाडीत पाठवायला घरचे धजत नव्हते. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. मंडळी, आज भारतभर जी अंगणवाडी चालते आणि 2 ऑक्टोबर 1975 पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेचं जी नाव झाली, तिचं मूळ हे, बोर्डीच्या एका वस्तीतल्या अंगणात.

1957 मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. भोवती वारली पाडे. इथली मुलं सकाळी गुरं घेऊन रानात जायची ती संध्याकाळी परतायची. अंगणातसुद्धा सापडणार नाहीत. मग शाळा कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली जमली आहेत, पानं मोजली जाताहेत, बिया मांडल्या जाताहेत. या मुलांना पक्षी, गवत, कंद, रानभाज्या बाईंपेक्षा जास्त ठाऊक होत्या, हे मात्र विसरून चालणार नाही. कुरणशाळेतली देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होत असणार. अनुताईंनी पुढे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकात तिथले अनुभव लिहिले. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. अनुताई 1992 पर्यंत ते काम करत राहिल्या.

आणि गंमत म्हणजे बोर्डी-घोलवडचा तो परिसर आज चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला! नारिंग सोहारला आलं, चिकू डहाणूला आला. ‘आपलं’ फळ म्हणजे नेमकं कुठलं, असा प्रश्न मुलाने विचारला तर उत्तर द्यायला वेळ घ्या.

कोसबाडची रीत सोहारला लावायची तर पहिला प्रश्न हाच, की इथे पायाखाली काय आहे. ऑनलाइन मागवलेला रंगीत ‘किड्स गार्डनिंग किट’ वाईट नाही, पण ताराबाईंनी बाजूला ठेवलेल्या महागड्या ठोकळ्यांचाच तो भाऊबंद आहे. इथे पायाखाली खजुराच्या बिया आहेत. सिदरची फळं आहेत. सिदर म्हणजे आपल्या बोरीची सख्खी चुलत बहीण, चावून बघितलं की लगेच पटतं. आणि वादीच्या काठाला घाफ आहे. घाफ म्हणजे कोण? आपली शमी, गावाकडे जिला सौंदड म्हणतात. पांडवांनी शस्त्रं लपवली ती. दसऱ्याला शमीची गोष्ट सांगताना मुलांना मोबाइलवर चित्र दाखवायची गरज नाही. शुक्रवारी गाडी काढा आणि झाडच दाखवा. फांद्या तोडू नका, खाली पडलेली शेंग पुरे.

खजुराकडे तर वर्षभराचा अभ्यास आहे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास माणूस वर चढतो आणि नर फुलोरा मादी फुलोऱ्यात हाताने बांधतो. जवळपासच्या बागेत ओळख काढून, आदबीने विचारून, एकदा हे पाहायला न्या. ओमानी बागाइतदार मुलांना सहसा नाही म्हणत नाहीत, उलट कहवा पाजून पाठवतात. बी लावलं तर रोप येतं, पण ते नर की मादी हे कळायला काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून बागाइतदार मोठ्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेला कोंब काढून लावतात. आणि घरातल्या डिंकाच्या लाडवातली खारीक? ओमानात मबसली जातीचा खजूर पिकण्याआधी उतरवून उकळतात आणि उन्हात वाळवतात. तो पिढ्यान्पिढ्या भारतात जात आलाय. बाळंतिणीसाठी आपल्या आज्यांनी कुटलेली खारीक कदाचित याच देशातली असेल.

आता कुंडी. इथला हंगाम आपल्या पावसाळ्याच्या उलट आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत पेरा. मेथी किराणा दुकानातून आणलेलीच चालते. रात्रभर भिजवा, मातीवर पसरा, वरून बोटभर माती. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी होते. धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि मग पेरा. मुळा, पालक, टोमॅटो सोपे. भेंडी, गवार थंडी कमी झाल्यावर. एप्रिलनंतर उगाच हट्ट करू नका, रोपं भाजतात आणि मूल हिरमुसतं. उन्हाळ्यात घरातली मोजकी रोपं एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर जगवता येतात, त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. ते रोज बादलीत मोजायचं काम मुलाला द्या. किती मिळालं, कुणाला किती द्यायचं, हा त्याचा छोटा फलज.

एक प्रयोग मात्र नक्की करा. दोन वाट्यांत कापूस घालून मेथी पेरा. एकीला साधं पाणी, दुसरीला पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ घालून ते पाणी. आठवडाभराने मुलालाच विचारा, किनाऱ्यावरची लिंबं का गेली.

आणि सगळ्यात आधी पेरणी कुठली करायची, तर ती घटस्थापनेला आपण करतोच. परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती, त्यात गहू, ज्वारी, हरभरा, मूग अशी धान्यं, मध्ये घट. आधीच्या पिढ्यांतल्या शेतकऱ्याला नऊ दिवसांत कुठलं बियाणं जोमाने रुजतं, हेही त्यातून दिसायचं. नवरात्र सप्टेंबरच्या शेवटाला किंवा ऑक्टोबरात येतं, म्हणजे सोहारच्या पेरणीच्या अगदी तोंडाशी. काळी माती इथे मिळणार नाही, नर्सरीतली माती, थोडी वाळू आणि घरचं कुजवलेलं खत चालेल. यंदा पेरायचं काम मुलांकडे द्या, पाणी घालायचंही, आणि रोज कुठल्या धान्याची उंची किती झाली ते वहीत लिहायचंही. दसऱ्याला रुजवण उपटून टोपीत खोवून झालं की थोडी ठेवा, आणि हरभऱ्याची दोन-तीन रोपं मुळं न दुखवता कुंडीत लावा. थंडीत त्याला घाटे धरतील.